आठपट पाण्याचा हिशेब

पुण्याच्या संगमावर वैशाखात उभे राहणाऱ्या मनुष्यास जे काळसर पाणी बंडगार्डनच्या बंधाऱ्याकडे संथपणे सरकताना दिसते, ते आले कोठून, या प्रश्नाचे शालेय भूगोलातील उत्तर असे की, घाटमाथ्यावर उगम पावलेल्या मुळा आणि मुठा या दोन नद्या येथे एकत्र होतात व पुढे भीमेस मिळतात. श्रावण-भाद्रपदात हे उत्तर खरे असते. पावसाळा ओसरला, की मुठेचे पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांच्या भिंतींमागे अडते व तेथून कालव्याने शेतीस आणि नळाने शहरास जाते. मुळेच्या माथ्यावरचे पाणी मुळशीच्या तलावातून पश्चिमेस वळवून भिऱ्याच्या वीजघराकडे नेलेले असते, आणि कोकणात उतरलेले ते पाणी पुन्हा देशावर येत नाही. मग वैशाखात संगमापाशी जे वाहते, ते बहुतांशी शहराने वापरून टाकलेले पाणी होय : काही मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून प्रक्रिया होऊन सोडलेले, आणि जेथे केंद्रापर्यंत मैलावाहिनी पोचलेलीच नाही तेथले ओढ्यानाल्यांनी थेट आलेले.

या दुसऱ्या प्रकाराविषयी मतभेदास जागा नाही. ते पाणी नदीत येता कामा नये हे सर्वांस मान्य आहे, आणि ते येते हेही सर्वांस ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार देशातील शहरे रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण करीत होती आणि त्यांपैकी सुमारे २०,२३५ दशलक्ष लिटरांवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती. आणखी भाष्याची तेथे गरज नाही. माझा विषय पहिल्या प्रकारचा आहे. जे पाणी कायद्याप्रमाणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राप्रमाणे, मोजून-मापून, दप्तरी नोंद करून नदीत सोडले जाते, ते किती स्वच्छ असावे हे कोणी ठरविले, कोणत्या हिशेबाने ठरविले, आणि तो हिशेब मांडताना नदीकडे कोणी पाहिले होते काय, एवढेच मला पाहावयाचे आहे.

या हिशेबाचा उगम इंग्लंडात आहे. कारखान्यांनी आणि वाढत्या नगरांनी तेथील नद्या नासवून टाकल्यावर १८९८ साली मैलापाण्याच्या विल्हेवाटीचा विचार करण्यासाठी एक राजनियुक्त आयोग बसला आणि १९१५पर्यंत बसूनच राहिला. आयोगांच्या या दीर्घायुष्याची थट्टा करण्याचा मोह होतो; परंतु या आयोगाने काम केले. १९१२ साली निघालेल्या त्याच्या आठव्या अहवालात जे दोन आकडे सुचविले गेले, त्यांनी पुढे जगभरच्या अभियंत्यांच्या डोक्यात घर केले : सोडलेल्या पाण्यात लिटरमागे तरंगते घनपदार्थ ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, आणि त्या पाण्याची जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे आज ज्यास सर्व जण बीओडी म्हणतात ती, २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकताना सूक्ष्म जंतू जो प्राणवायू ओढून घेतात त्याचे हे माप. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ठराविक उष्णतेस ठेवावयाचा, आणि आरंभी विरघळलेला प्राणवायू किती होता व अखेरीस किती उरला यांची वजाबाकी करावयाची. इंग्रजांनी मुदत पाच दिवसांची धरली. तेथील नद्यांचे पाणी समुद्रास मिळावयास फार तर पाच दिवस लागतात म्हणून ती धरली, असे सांगतात. आपल्याकडे २७ अंश उष्णतेस तीन दिवसांचे माप रूढ आहे.

परंतु या आकड्यांहून महत्त्वाचे आहे ते त्यांच्यामागचे गणित. आयोगाचे म्हणणे असे की, नदीतील पाण्याची ही मागणी ४ मिलिग्रॅमच्या वर गेली म्हणजे नदी बिघडू लागते. स्वच्छ नदीचे स्वतःचे माप त्याने २ धरले. आता अशा नदीच्या आठ घागरींत केंद्राची २० मापाची एक घागर ओतली, तर आठ दुणे सोळा अधिक वीस, म्हणजे छत्तीस, भागिले नऊ. उत्तर बरोबर ४ येते. म्हणजे २० हा आकडा पावित्र्याचे काही निरपेक्ष प्रमाण नव्हता. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असेल तर, अशी अट त्यास जोडलेली होती. आणि हेच तत्त्व उलट बाजूने चालवून, नदीत दीडशे, तीनशे, पाचशेपट पाणी असेल तर अट उत्तरोत्तर सैल करावी, असेही आयोगाने सांगून ठेवले होते. नदी मोठी तर सवलत मोठी, नदी लहान तर बंधन कडक. एखाद्या मुनिमास समजावे इतका हा सरळ व्यवहार आहे.

आकडा समुद्र ओलांडून आला, अट मात्र तेथेच राहिली. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १९८६ साली जे नियम झाले, त्यांच्या अनुसूचीत पुढे सर्वसाधारण प्रमाणे घालण्यात आली. त्यांत नदी-तलावांत सोडावयाच्या सांडपाण्याचा बीओडी ३० पर्यंत आणि तरंगते पदार्थ १०० पर्यंत चालतील असे ठरले. कोणत्या नदीत? बारमाही ब्रह्मपुत्रेत आणि चैत्रात वाळू होणाऱ्या माणेत एकच आकडा. आठपट पाण्याचा उल्लेख तेथे नाही, दुप्पट पाण्याचाही नाही.

यावर कोणी म्हणेल, की आपल्या विधिकारांस दख्खनच्या नद्यांची कल्पना नसावी. तसे मुळीच नाही. महाराष्ट्राने तर जलप्रदूषण प्रतिबंधाचा आपला स्वतंत्र कायदा १९६९ सालीच केला होता आणि १९७०त मंडळही स्थापिले होते. संसदेने १९७४ साली संमत केलेला जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम काढून त्याचे सतरावे कलम वाचावे. राज्य मंडळाची कर्तव्ये सांगताना त्यात स्पष्ट म्हटले आहे, की कोणत्याही विशिष्ट प्रवाहात सोडावयाच्या मैलापाण्याचे प्रमाण ठरविताना, कोरड्या ऋतूत त्या प्रवाहात मिसळण्यास किमान किती पाणी उपलब्ध असते आणि मिसळल्यानंतर त्या पाण्यास किती घाण सोसेल, या दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्यात. एवढेच नव्हे, तर वर्षाचा बराच काळ येथील प्रवाह इतके क्षीण असतात की पुरेसे पाणी मिसळावयास मिळतच नाही, हे गृहीत धरून मैलापाणी जमिनीवर मुरविण्याच्या व शेतीस वापरण्याच्या रीती मंडळाने शोधून काढाव्यात, असेही त्याच कलमात आहे. ज्याने हे कलम लिहिले त्याने मे महिन्यातील सीना, मांजरा किंवा मुठा पाहिली असली पाहिजे. कायद्यातील इतके शहाणपणाचे वाक्य पन्नास वर्षे बिनवापर पडून राहावे, याची खंत कायदेपंडितांस वाटत नसली तरी आपणांस वाटली पाहिजे.

मधल्या काळात आकड्यांची ओढाताण मात्र झाली, आणि तिची कैफियत थोडक्यात अशी. नोव्हेंबर २०१५मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक मसुदा काढला. त्यात बीओडी १०, तरंगते पदार्थ २०, शिवाय अमोनिया आणि एकूण नत्र यांवरही मर्यादा होती. दोन वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०१७ रोजी, अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा महानगरांस २० आणि इतरांस ३० असा बीओडी ठरला, आणि अमोनिया व नत्र हे दोन्ही गळून पडले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. तज्ज्ञांचा अहवाल मागवून ३० एप्रिल २०१९ रोजी न्यायाधिकरणाने आदेश दिला, की महानगरांसाठी सुचविलेली कडक प्रमाणे, म्हणजे बीओडी १०, तरंगते पदार्थ २०, एकूण नत्र १०, स्फुरद १, ही साऱ्या देशास आणि जुन्या केंद्रांसही लागू व्हावीत, आणि त्यासाठी सुचविली गेलेली सात वर्षांची मुदत वगैरे नको. आदेश स्वागतार्ह होता. परंतु १०, २० की ३० या साऱ्या वादात पक्षकार कोणीही असो, मोजमाप केंद्राच्या तोंडाशीच चालले होते.

हे केंद्राचे तोंड कसे असते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम लोखंडी गजांच्या चाळण्या लागतात, आणि शहराचे चारित्र्य वाचावयाचे असेल तर ते येथे वाचावे : प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य. त्यापुढे वाळू बसविण्याचे कुंड. मग तो मोठा हौद, ज्यात ब्लोअरच्या गुरगुराटात तळाकडून हवेचे बारीक बुडबुडे वर येत असतात आणि वर तपकिरी पाणी उकळल्यासारखे हलत असते. ही युक्ती मँचेस्टरच्या अर्डन आणि लॉकेट या दोघांची. मैलापाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्यास त्यांना आरंभी आठवडेच्या आठवडे लागत. परंतु बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यावरच नवे पाणी ओतत गेले असता तेच काम काही तासांत होते, हे त्यांनी १९१४च्या एप्रिलात जाहीर केले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक होऊन आले; म्हणजे ही विद्या आपल्याकडे यावयास उशीर झाला असे म्हणण्याची सोय नाही.

केंद्रावरचा अनुभवी चालक प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसत नाही. तो सकाळी हौदातले पाणी लिटरच्या काचेच्या उभ्या नळीत भरतो, नळी खिडकीशी ठेवतो आणि अर्धा तास थांबतो. गाळाचे कण एकमेकांस धरून खाली बसू लागतात; वर स्वच्छ, किंचित पिवळसर पाणी उरते. अर्ध्या तासाने गाळ दोनशे-तीनशेच्या रेघेवर आला तर हौदाची प्रकृती चांगली. आठशेवरच अडकला, कापसासारखा फुगून राहिला, तर गाळ 'बसत नाही' म्हणून पुढच्या टाकीतून तो पाण्याबरोबर नदीत जाणार, हे त्यास कळते. कोणीतरी रात्री टँकरने आणून चेंबरमध्ये कारखान्याचे पाणी ओतले असेल, वीज पाच-सहा तास गेली असेल, किंवा वळवाच्या पावसाचे पाणी मैलावाहिनीत शिरून हौदातले जंतूच वाहून गेले असतील. कारण काहीही असो, कसूर नळीत दिसते, आणि ती निस्तरावयास पुष्कळदा आठवडा लागतो.

अशा जिवंत, लहरी यंत्रणेचे नियमन कसे होते? मंडळाचा अधिकारी येतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेतो. कायद्याने हा नमुना घेण्याची रीत मोठ्या काटेकोरपणे सांगितली आहे : केंद्राच्या मुखत्यारास नोटीस द्यावी, नमुन्याचे दोन भाग करावेत, बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. ही रीत सचोटीचे रक्षण करते, परंतु पहाटे तीन वाजता काय वाहते ते तीस कळत नाही. बाटली भरली जाते ती कचेरीच्या वेळात, एका क्षणाची. चोवीस तास दर तासाला थोडे थोडे पाणी घेऊन केलेला एकत्रित नमुना हीच खरी साक्ष, आणि तो क्वचित घेतला जातो. ऑनलाइन मापक यंत्रांनी ही उणीव भरून निघेल असे सांगितले जाते, व ते काही अंशी खरेही आहे. मात्र यंत्राची सुई वेळोवेळी जुळवणारा मनुष्य कोणाच्या पगारावर आहे, हे पाहून मग विश्वास ठेवावा.

समजा, नमुना नापास झाला. पुढे काय? जल अधिनियमाच्या कलम ३३-अ प्रमाणे मंडळास एखादा उद्योग बंद करण्याचा, त्याची वीज तोडण्याचा हुकूम देता येतो, आणि साखर कारखान्याच्या किंवा रंगशाळेच्या बाबतीत या हत्याराची धार खरी आहे. मैलापाणी केंद्राची वीज तोडली तर काय होईल? जे पाणी निमशुद्ध जात होते ते अशुद्ध जाईल. शहरास शौचालये बंद ठेवण्याचा हुकूम देता येत नाही. मुदतीत केंद्र उभे न करणाऱ्या संस्थेस दर केंद्रामागे दरमहा १० लाख रुपयांची भरपाई न्यायाधिकरणाने ठरवून दिली आहे. परंतु ती भरावयाची करदात्याच्या पैशांतून, सरकारच्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात. ज्याचा बंदोबस्त करावयाचा तो आणि बंदोबस्त करणारा, दोघेही शासनाचेच हात असल्यावर दंड हा जमाखर्चाचा विषय होतो, भीतीचा राहत नाही.

आता तो हिशेब करून पाहू, जो संमतिपत्रात करावयाचा राहून गेला आहे. स्नानायोग्य नदीसाठी केंद्र सरकारने सांगितलेले प्रमाण असे की, बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि विरघळलेला प्राणवायू ५ पेक्षा कमी नसावा. नदीच्या वरच्या स्वच्छ पाण्याचे माप १ धरले, तर ३० मापाचे एक लिटर पाणी तिनावर आणण्यास साडेतेरा लिटर स्वच्छ पाणी लागते; २०चे असेल तर साडेआठ, इंग्रजांच्या आठपटीच्या अगदी जवळ; आणि न्यायाधिकरणाच्या कडक १०ला साडेतीन. पुणे महानगरपालिकेची जुनी नऊ केंद्रे मिळून रोज ४७७ दशलक्ष लिटर क्षमतेची आहेत. ती सर्व पूर्ण क्षमतेने आणि निर्दोष १० मापाने चालली असे मानून साडेतीनपट पाणी काढले, तर रोज सुमारे १,६७० दशलक्ष लिटर होते. आठ कोरड्या महिन्यांचे ते जवळजवळ १४ टीएमसी (अब्ज घनफूट) भरते. खडकवासला साखळीतील चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. म्हणजे निम्मी धरणे केवळ शुद्ध केलेल्या मैलापाण्यात मिसळण्यासाठी नदीत सोडावी लागतील. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यास किंवा पेठेतल्या नळधारकास ही तजवीज सांगण्याचे धैर्य कोणत्या पालकमंत्र्यास होईल, असे मला वाटत नाही.

याचा अर्थ कडक प्रमाण व्यर्थ आहे असा नव्हे. साडेतेराचे साडेतीन होणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय वाहत्या पाण्यास बंधाऱ्यांवरून कोसळताना आणि खडकांवर खळाळताना हवेतून प्राणवायू मिळत असतो व नदी स्वतःस काही अंशी सुधारून घेत असते. परंतु ती सुधारणा अमोनियाच्या पुढे थकते. एक मिलिग्रॅम अमोनियारूप नत्राचे नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो, आणि उन्हाळ्यातील पाण्यात तो साडेसात-आठ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मावतच नाही. जे केंद्र बीओडी २०पर्यंत आणते आणि अमोनिया तसाच सोडते, त्याने कागदावरची परीक्षा पास केलेली असते आणि खालच्या मासळीचा श्वास तरीही कोंडलेला असतो. २०१७च्या अधिसूचनेतून अमोनिया वगळला गेला त्याचे गांभीर्य हे आहे.

नत्र आणि स्फुरद यांचा प्रवास तर याहून लांबचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनी सोडलेले खत मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून उजनीच्या जलाशयात जाऊन थांबते. उजनीचे हिरवे पडणारे पाणी आणि नद्यांच्या पात्रांवर गालिच्यासारखी पसरणारी जलपर्णी ही त्या खतावरची पिके होत. जलपर्णी काढण्याची निविदा दरवर्षी निघते. तिला पोसणारे खत बंद करण्याची निविदा निघत नाही. आणि त्याच भीमेच्या खाली पंढरपूर आहे, जेथे आषाढीस लक्षावधी माणसे चंद्रभागेत उतरतात.

मुंढव्यास मात्र एक वेगळी वाट दिसते. तेथे बंधाऱ्यापाशी अडविलेले नदीचे पाणी, म्हणजे शहराचेच सोडपाणी, जॅकवेलमधून उपसून जुन्या मुठा कालव्यात टाकण्याची योजना आहे. वर्षास साडेसहा टीएमसी पाणी हवेली-दौंडच्या शेतीस द्यावे आणि तेवढ्या धरणाच्या पाण्याची बचत व्हावी, असा तिचा हेतू. कागदावर ही १९७४च्या त्या विसरलेल्या कलमाचीच अंमलबजावणी आहे. व्यवहारात शेतकऱ्यांची तकरार अशी, की कालव्यातून येते ते पाणी वासाने ओळखू येते, विहिरी बिघडतात आणि जमिनी चोपण होतात. तकरार खरी मानली तरी ती योजनेच्या तत्त्वाविरुद्ध नाही. पिकास नत्र हवाच असतो, नदीस तो नको असतो. उपसलेले पाणी पूर्ण शुद्ध केलेले असावे एवढीच तिची मागणी आहे, आणि ती अवाजवी नाही.

अमेरिकेत १९७२च्या कायद्याने प्रत्येक केंद्रास पाच-पाच वर्षांचा परवाना घ्यावा लागतो. त्यात एक मर्यादा तंत्राच्या आवाक्यावरून ठरते, आणि तेवढ्याने नदी सुधारत नसेल तर दुसरी, अधिक कडक मर्यादा नदीच्या सोसण्यावरून काढली जाते. ती काढताना अनेक राज्ये नदीचा जो प्रवाह धरतात तो सरासरीचा नव्हे, तर दहा वर्षांत एकदाच येणाऱ्या सर्वांत कोरड्या सात दिवसांचा. हेच माप मुठेस लावले तर उत्तर शून्याच्या आसपास येईल, आणि संमतिपत्र लिहिणाऱ्यास दोनच मार्ग उरतील : केंद्राच्या तोंडाशीच स्नानायोग्य पाणी मागावे, किंवा कोरड्या महिन्यांत ते नदीत सोडूच नये, शेतीस आणि कारखान्यांस द्यावे. पहिला मार्ग खर्चाचा आहे; दुसऱ्यास कालवे, साठवण आणि पाण्याची दरनिश्चिती लागते. दोन्ही कठीण आहेत, परंतु दोन्हींत निदान नदी हिशेबात येते. पुण्यात केंद्र सरकारच्या व जपानी कर्जाच्या साह्याने ९९० कोटींची, ११ नवी केंद्रे आणि ३९६ दशलक्ष लिटर क्षमता वाढविणारी योजना २०१६ साली मंजूर झाली. ती पुरी झाल्यावर सोडपाणी वाढेल आणि नदीचे स्वतःचे पाणी तेवढेच राहील, ही गोष्ट तिच्या उद्घाटनाच्या भाषणांत कोणीतरी बोलून दाखवावी.

केंद्रीय मंडळाच्या २०२२च्या यादीत देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या लेखाचा बहुतेक वाचक यांपैकी एखाद्या पट्ट्यापासून फार दूर राहत नसेल. त्याच्यासाठी जल अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमात एक सोय आहे : मंडळाने दिलेल्या प्रत्येक संमतीच्या अटींची नोंदवही ठेवली पाहिजे, आणि ज्यास त्या सोडपाण्याची झळ पोचते त्या कोणाही मनुष्यास ती पाहण्याचा अधिकार आहे. आपल्या गावच्या केंद्राचे संमतिपत्र त्या वहीत काढून पाहावे, आणि त्यातील बीओडीचा आकडा मे महिन्यातील नदीच्या कोणत्या प्रवाहावरून काढला, एवढा एकच प्रश्न प्रादेशिक अधिकाऱ्यास लेखी विचारून त्याची पोच घ्यावी.